बिल्ल्याची मागची बाजू

छंदाला जात नसते म्हणे. साफ खोटं!

आपल्यातलीच काही शिकलेली पोरं महायुद्धातल्या जर्मन हवाईदलाचे बिल्ले जमवतात. पायलटचा बिल्ला म्हणजे भोवती ओक आणि लॉरेलच्या पानांचं कडं, मधे झेपावणारा गरुड, त्याच्या नखांत स्वस्तिक. मागचे रिव्हेट, पिन, कारखान्याचा शिक्का बघून असली-नकली ठरवतात. बोललं की म्हणतात, "राजकारण सोड, कारागिरी बघ. शिस्त बघ!"

बघतो की. हा बिल्ला १९३५ सालचा. त्याच साली न्यूरेंबर्गचे कायदे आले. ज्यूला नागरिकत्व नाही, जर्मनाशी लग्न नाही. रक्ताची शुद्धी, बेटीबंदी. हे शिकायला आपल्याला बर्लिनला जावं लागत नाही. बाबासाहेबांनी मनू आणि नीत्शे शेजारी बसवून तपासले, ते उगाच नाही.

२६ एप्रिल १९३७ ला, बाजाराच्या दिवशी, याच हवाईदलाच्या वैमानिकांनी स्पेनमधलं गेर्निका बाँब टाकून जाळलं. १९४२ मध्ये डाखाऊच्या छावणीत कैद्यांना बर्फगार पाण्यात बुडवून मारलं. का? तर समुद्रात पडलेला पायलट किती वेळ तग धरतो ते कळावं म्हणून. ही तुमची शिस्त! आणि वस्ती जाळायला विमानच लागतं असं नाही. १९७८ ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमची घरं रॉकेल अन् काडेपेटीवर जळाली.

आता दुसऱ्या बाजूचा बिल्ला बघा. मी बीड जिल्ह्यातला. १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात. १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढलेल्या स्पिटफायरच्या तुकड्यांत एक होती १५२ नंबरची, 'हैदराबाद' नावाची. तिच्या बिल्ल्यावर निजामाची पगडी, खाली ब्रीद 'एकनिष्ठ मित्र'. त्याआधी १९१८ मध्येही निजामानं ब्रिटिशांना विमानांची अख्खी तुकडी दिली होती.

निजामाचा पैसा काय आभाळातून पडला? जमिनीतून आला. शेतसारा कुळानं भरला, वेठ महारा-मांगानं केली. हिटलरला पाडायलाच हवं होतं, त्यात वाद नाही. पण पगडी बिल्ल्यावर गेली अन् वेठ करणारा हिशेबातसुद्धा आला नाही. आजही बीडची नवरा-बायको जोडी ऊसतोडीला जाते, मुकादमाच्या वहीत तिचं नाव 'एक कोयता'. कोयत्याला कसला आलाय बिल्ला?

म्हणून सांगतो गड्यांनो, बिल्ला हातात घेतला तर तो कुणाच्या मढ्यावर चमकला तेही बोला. ते बोलायची हिंमत नसेल तर तुमचा छंद मारेकऱ्याची हुजरेगिरी आहे. आणि जमवायचंच असेल तर बीडच्या गावागावात जा. वेठ कुणी केली, १९७८ ला कुणाचं घर जळालं, कोण किती वर्षं कोयत्यावर गेलं, ते म्हाताऱ्यांकडून नावानिशी लिहून घ्या. ती माणसं मरताहेत. त्यांच्या नावाचा शिक्का कुठल्याच कारखान्यानं पाडलेला नाही.

जय भीम!