फॉर्च्युनरचा पुढचा शाफ्ट जागेवरच राहू द्या

टोयोटाची फॉर्च्युनर ऑगस्ट २००९ मध्ये भारतात आली तेव्हा ती एकाच रूपात मिळत होती : तीन लिटरचे डिझेल इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि चारही चाकांना सदासर्वकाळ ताकद. पुढाऱ्याच्या दारात उभी राहणारी गाडी अशी तिची महाराष्ट्रभर जी ओळख झाली, तिला जळगाव-धुळेही अपवाद नव्हते. त्या पहिल्या खेपेच्या गाड्यांनी आता पंधरा वर्षे ओलांडली आहेत. पुढाऱ्यांनी नवे मॉडेल घेतले. जुनी गाडी ठेकेदार, केळीचा व्यापारी, मोठा बागायतदार अशा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली. पहिल्या मालकाने डिझेलचा हिशेब कधी केला नसेल, तिसरा रोज करतो. आणि हिशेब करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : गाडी ‘पार्ट-टाइम’ करून घ्या. म्हणजे पुढची चाके एरवी मोकळी ठेवायची, चिखल लागला तरच जोडायची. स्वस्तातला मार्ग याहून सोपा आहे. ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट खोलून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकायचा आणि पुढच्या-मागच्या आसांमधले लॉक लावून गाडी नुसत्या मागच्या चाकांवर पळवायची. या सल्ल्यामागे विचारच नाही असे मी म्हणत नाही. विचार आहे, पण तो दुसऱ्याच गाडीसाठी केलेला आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण बहुतेक गोंधळ तिथेच आहे. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाडीच्या दोन आसांमध्ये पावणेतीन मीटर अंतर आहे. मागच्या आसाचा मध्य दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरला, तर एका फेरीत तो सुमारे ६२.८ मीटर जातो. पुढच्या आसाचा मध्य मात्र ६५ मीटरहून थोडा जास्त. हा सव्वादोन मीटरहून अधिकचा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. पार्ट-टाइम गाडीत चारही चाके जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, फरक जिरवायला जागा उरत नाही. चिखलात चाके जराशी घसरून तो निभावून नेतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत; मग स्टिअरिंग जड होते, टायर खरडले जातात आणि शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. म्हणून पार्ट-टाइम गाडीची चारचाकी ताकद कोरड्या डांबरावर वापरायची नसते. फॉर्च्युनरसारख्या फुल-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांच्या मधोमध तिसरा डिफरन्शियल असतो. तोच हा फरक जिरवतो, त्यामुळे चारही चाके डांबरावर, वळणावर, पावसात, कुठेही ताकद घेऊ शकतात. चिखल फारच असेल तर ट्रान्सफरचा लीव्हर ‘एच’वरून ‘एचएल’वर नेला की मधला डिफरन्शियल लॉक होतो, आणि गाडी त्या क्षणापुरती अगदी पार्ट-टाइमसारखी वागते. याचा अर्थ सरळ आहे. बदल करून घेतल्यावर चिखलात जे मिळणार, ते आज लीव्हर सरकवून मिळतेच आहे. पकड तसूभरही वाढत नाही. गमावले जाते ते डांबरावरचे ‘एच’.

पूर्वपक्षाचे पहिले आणि सगळ्यात लाडके म्हणणे डिझेलचे. पुढचा शाफ्ट, पुढचा डिफरन्शियल, दोन्ही बाजूंचे अर्धे शाफ्ट आणि त्यांचे जॉइंट सतत फिरवायचे म्हणजे इंजिनाची थोडी ताकद त्यांत खर्च होणार, यात वाद नाही. वाद आहे तो किती याचा, आणि बदल केल्यावर त्यातले खरोखर किती थांबते याचा. या गाडीच्या पुढच्या हबमध्ये चाक मोकळे करण्याची सोयच नाही. जुन्या जीपच्या पुढच्या चाकावर हाताने फिरवायचे हब बसवता येत. ते मोकळे केले की चाक आपले फिरते आणि आतला सगळा सरंजाम स्वस्थ बसतो. इथे ट्रान्सफर केसमध्ये जोड तोडली तरी रस्त्यावर फिरणारे चाक उलट्या बाजूने अर्धा शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा लांब शाफ्टही फिरवतच राहते. शाफ्ट खोलूनच टाकला तर तेवढाच एक थांबतो, बाकीचे फिरणारच. तरीही वादापुरते उदारपणे धरू की पाच टक्के डिझेल वाचले. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर आणि लिटरला दहाचा ॲव्हरेज धरला तर दीड हजार लिटर लागते. पाच टक्के म्हणजे पंच्याहत्तर लिटर. नव्वद रुपयांच्या भावाने पावणेसात हजार रुपये. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवून आणि टायरची हवा दर पंधरवड्याला तपासून यातला बराच भाग एकही नट न खोलता वाचेल. लाखालाखाचा व्यवहार करणारा माणूस यासाठी गाडीचा कणा खोलायला निघतो, ही मला गंमत वाटते.

दुसरे म्हणणे जास्त वजनाचे आहे. टोयोटानेच नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी फॉर्च्युनर आणली तेव्हा फुल-टाइम सोडून पार्ट-टाइम व्यवस्था घेतली; मग मूळ कंपनीने जे केले ते आपल्या मिस्त्रीने केले तर बिघडले कुठे? केवळ टोयोटाच का, लँड रोव्हरचाही दाखला देता येईल. १९४८ ची पहिली लँड रोव्हर चारही चाकांवर कायम चाले. १९५० च्या सुमारास कंपनीने ते बदलून गरजेपुरते केले. दाखले खरे आहेत, फक्त अर्धवट आहेत. त्याच कंपनीने १९७० मध्ये रेंज रोव्हर काढली तेव्हा मधला डिफरन्शियल घालून पुन्हा फुल-टाइमकडे पाऊल टाकले, कारण गाडी आता शेतात कमी आणि हमरस्त्यावर जोरात धावणार होती. रशियाच्या निवाने १९७७ मध्ये तीच वाट धरली. थोडक्यात, इतिहास एका दिशेने वाहत नाही. कोणत्या रस्त्यासाठी कोणती गाडी, एवढाच प्रश्न तो पुन्हा पुन्हा सोडवतो. आणि २०१६ ची फॉर्च्युनर नुसता एक शाफ्ट तोडून झालेली नाही. तिचा पुढचा डिफरन्शियल दोन चाकांवर चालताना आपोआप सुटतो, जोडणी डॅशबोर्डवरच्या फिरवायच्या बटणाने होते, आणि मुख्य म्हणजे गाडी घसरू लागताच एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे दाबून तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात आहे. २००९ च्या गाडीत ती यंत्रणा नव्हती. ओल्या रस्त्यावर मागची चाके निसटू नयेत याची काळजी तिथे ताकद चार ठिकाणी वाटून घेतली होती. कंपनीने एक आधार काढला तेव्हा दुसरा दिला. मिस्त्री एक काढतो आणि बिल देतो.

खानदेशात एक तिसरे म्हणणे हटकून निघते, आणि ते ट्रॅक्टरचे. रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते की फोर-व्हील ट्रॅक्टर वावरातून रस्त्यावर काढला की पुढच्या चाकांचा लीव्हर सोडायचा, नाही तर पुढचे टायर वर्षभरात गुळगुळीत होतात. मग ट्रॅक्टरला लागू तोच नियम गाडीला का नको? कारण ट्रॅक्टरला मधला डिफरन्शियल नसतो. उलट त्याची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित वेगाने ओढतील अशीच दातांची जुळणी केलेली असते. मऊ मातीत त्याने पुढची पकड चांगली राहते आणि डांबरावर टायर खरडतात. लीव्हर सोडणे ही त्याची गरज आहे, शहाणपणाची कसोटी नव्हे. जीप, जिप्सी, थार यांचेही तेच. त्या पहिल्यापासून पार्ट-टाइम म्हणून घडल्या, त्यांचे सगळे प्रमाण त्या हिशेबाने बसलेले. सातपुड्याच्या पायथ्याची दोन पिढ्यांची जी चालकी आहे ती या गाड्यांवर तयार झाली, म्हणून ‘चारचाकी म्हणजे डांबरावर बंद’ हा नियम लोकांच्या हाडीमाशी मुरला आहे. त्या गाड्यांबाबत नियम शंभर टक्के बरोबर. फॉर्च्युनरबाबत तो गैरलागू.

आता रस्त्याकडे येऊ, कारण वादाचा खरा निकाल तिथे लागतो. पूर्वपक्ष म्हणतो, खानदेशात पाऊस सहा-सातशे मिलीमीटरचा, तोही जून ते सप्टेंबर. आठ महिने कोरड्या रस्त्यावर चारही चाके ओढायची कशाला? प्रश्न वाजवी आहे. पण धोका त्या चार महिन्यांत आहे, आणि तो वावरात नसून डांबरावर आहे. वावरात गाडी फसली तर फार तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. तापीकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी चिकटते. केळीचा माल भरलेले ट्रॅक्टर शिवरस्त्यावरून बाहेर पडतात तेव्हा टायरच्या नक्षीत बसलेला तो चिखल बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर सांडत जातात. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यात भर पावसाळ्यात शंभर मीटर बरे डांबर, वीस मीटर चिखलाचा थर, पुन्हा डांबर असा प्रकार जागोजाग लागतो. पार्ट-टाइम गाडीचा चालक इथे काय करील? चार चाके जोडली तर बऱ्या डांबरावर पीळ पडतो, सोडली तर चिखलावर मागची बाजू निसटते. दर दोन मिनिटांनी लीव्हर हलवणारा चालक मात्र कुठे सापडत नाही. तो सोडूनच चालवतो. घाटात तर अडचण दुहेरी. चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दरड कोसळून बंद पडला. तेवढी आपत्ती रोज येत नाही, पण डोंगरातून वाहून आलेली माती-खडी पावसाळ्यात वळणावर पसरणे ही तिथली, आणि साक्रीहून नवापूरकडे जाताना लागणाऱ्या कोंडाईबारी घाटातलीही, नेहमीची गोष्ट आहे. अरुंद वळण, चढ, अर्धे ओले डांबर : चारही चाकांना ताकद हवी आणि पुढच्या-मागच्या शाफ्टला एकमेकांपासून सुटकाही हवी, अशी ही जागा. दोन्ही एकाच वेळी देणारी वस्तू म्हणजे मधला डिफरन्शियल. एक गोष्ट मान्य करतो, कारण ती न सांगणे अप्रामाणिक होईल : चारचाकी ताकदीने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक लावताना दोन्ही गाड्या सारख्याच. तिच्या भरवशावर वेग वाढवणारा माणूस कोणत्याही यंत्रणेने वाचत नाही.

मागच्या आसावर सगळा भार येऊन तो तुटेल, असा एक उलट बाजूचा इशाराही काही जण देतात. तो मी जसाच्या तसा उचलणार नाही. टोयोटाने जानेवारी २०१२ पासून त्याच तीन लिटरच्या इंजिनासह नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी फॉर्च्युनर विकली आणि ती बिनतक्रार धावली. म्हणजे ३४३ न्यूटन-मीटरचा पीळ एकट्या मागच्या आसाला पेलतो. पण त्या गाडीला लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारी गिअरची जोडी) नव्हती. पुढचा शाफ्ट काढलेल्या फोर बाय फोरमध्ये लीव्हर लो रेंजच्या ‘एलएल’वर नेला, की तोच पीळ अडीचपटीच्या आसपास वाढून एकट्या मागच्या शाफ्टवर जातो, आणि भरलेली ट्रॉली ओढताना किंवा खड्ड्यातून बाहेर पडताना नेमका तोच लीव्हर हाताशी येतो. दोन्ही आसांत विभागून जाईल असे गृहीत धरलेले ओझे एकावर टाकायचे, तेही चाक रुतलेले असताना, हा जुगार आहे. आणि ज्याला खरोखर दोन चाकांचीच गाडी हवी, त्याने २०१२ नंतरची दोन चाकांची जुनी गाडी घ्यावी. बाजारात ती सहज मिळते आणि तिच्यात काही खोलावे लागत नाही.

कायद्याचा मुद्दा शेवटी घेतो, कारण गॅरेजमध्ये तो ऐकला जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शाफ्ट काढला म्हणून कोणी तुरुंगात जाईल असे मला सुचवायचे नाही. मात्र एमएच १८ आणि एमएच १९, म्हणजे धुळे-जळगावच्या, ज्या गाड्यांना पंधरा वर्षे झाली, त्यांना नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षकही गाडीखाली वाकून पाहतो. नावात ‘फोर बाय फोर’ आणि पोटात दोनच चाके, हा प्रश्न त्या दिवशी निघणे परवडणारे नाही.

एकच अपवाद मला पटतो. मधला डिफरन्शियल किंवा ट्रान्सफर केस खरोखरच गेली असेल आणि सुटा भाग आवाक्याबाहेर असेल, तर मालकाची कोंडी खरी आहे. परदेशात अशा वेळी त्याच घडणीच्या हायलक्स पिकअपचे पार्ट-टाइम भाग बसवतात. भारतात हायलक्स २०२२ मध्ये आली, तीही पुढच्या पिढीची, म्हणून तो रस्ता इथे जवळजवळ बंदच. त्यापेक्षा अपघातात मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलची अख्खी ट्रान्सफर केस शोधणे सोपे आणि सुरक्षित पडते. तोवर शाफ्ट काढून गाडी चालवावी लागलीच, तर ती घाटात आणि लो रेंजमध्ये न नेणे, आणि काढलेला शाफ्ट व त्याचे नट-बोल्ट जपून ठेवणे, एवढे तरी पाळावे. पण असे रडगाणे गाणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा डिफरन्शियल मुळात गेलेलाच नसतो. शाफ्टच्या जॉइंटला ग्रीस नसते, ट्रान्सफरचे तेल वर्षानुवर्षे बदललेले नसते, आणि पुढे नवे टायर, मागे गुळगुळीत टायर अशी जोडी बसवलेली असते. टायरच्या घेरात फरक असला की सरळ रस्त्यावरही मधल्या डिफरन्शियलला क्षणाची उसंत मिळत नाही. बदलासाठी बाजूला काढलेले पैसे आधी एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या चार टायरांवर घालावेत, आणि मग गाडीतला आवाज शिल्लक राहतो का ते पाहावे.