सफारीत सिंहापेक्षा डास घातक

मसाई मारात दिवसभर जीपमधून सिंह, हत्ती पाहून पर्यटक संध्याकाळी तंबूबाहेर निवांत बसतात. मलेरिया पसरवणारी ॲनोफिलिस डासाची मादी तेव्हापासून पहाटेपर्यंत चावते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, म्हणून ती लस सगळे घेतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांची सक्ती नाही, म्हणून त्या टाळल्या जातात. ही बेफिकिरी जिवावर बेतू शकते. तिथला फाल्सिपेरम मलेरिया वेळेत उपचार न झाल्यास मेंदू आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात, परतल्यावरही पूर्ण कराव्यात. पुढील तीन महिन्यांत ताप आला, तर आफ्रिकेचा प्रवास डॉक्टरांना आधी सांगावा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.