करिअरच्या आधी कॅरिअर बघा!

दोस्तांनो, रविवारी संध्याकाळी हिमायतनगरहून भोकरमार्गे नांदेडकडे निघालेल्या बाइक जरा नीट बघा. दोघं जण, पाठीवर सॅक, मध्ये पिठाचा डबा, मागे घरच्या गव्हाचं पोतं आणि हँडलला लोणच्याची पिशवी. रूमवरचा अख्खा महिना एका बाइकवर! म्हणूनच मागे बसवायचं घडीचं कॅरिअर सध्या बऱ्याच जणांना हवंय. सामान असलं की उघडायचं, नसलं की मिटवायचं. कल्पना झकास आहे, घ्या जरूर. पण आपण आधी कॅरिअर घेतो आणि मग ते भरतो. माझं म्हणणं एवढंच, की आधी वजनाचा हिशेब करा.

दुकानदार सांगतो, "पन्नास किलो आरामात घेतंय." राव, पन्नास किलो कॅरिअर घेतं; तुमची बाइक घेते का? बाइकच्या मॅन्युअलमध्ये 'पेलोड' नावाचा आकडा असतो. १०० ते १२५ सीसीच्या अनेक बाइकचा तो १३० किलोच्या आसपास असतो. त्यात चालवणारा, मागे बसणारा, सामान आणि कॅरिअरचं स्वतःचं वजनही आलं. आता मांडा गणित. तुम्ही ६५ किलो, मित्र ६० किलो, झाले १२५. उरले पाच किलो, आणि तेवढं तर लोखंडी कॅरिअरच भरू शकतं. म्हणजे डबलसीट असाल तर गव्हाचं पोतं हिशेबात बसतच नाही.

दुसरी गोष्ट, वजन कुठे येतं? मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे ठेवलेलं सामान तरफेसारखं काम करतं. दोन्ही चाकांत सव्वा मीटर अंतर धरा. आसामागे ३० सेंटीमीटरवर २० किलो ठेवले, तर पुढचं चाक जवळपास पाच किलोंनी हलकं होतं आणि मागच्या चाकावर जवळपास २५ किलो वाढतात. मग खड्ड्यात हँडल हलकं लागतं, वळणावर बाइक डुलते. त्यामुळे जड वस्तू खाली आणि सीटला खेटून ठेवा, चादरी-कपडे मागे.

सामानाच्या डब्यालाही मापं आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये बाइकवरच्या डब्यासाठी लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर अशी मर्यादा सांगितली. डबा मागच्या माणसाच्या जागेवर ठेवला, तर बाइकवर फक्त चालवणाराच बसू शकतो.

घडीच्या कॅरिअरचा कमकुवत भाग म्हणजे बिजागरी. दुकानातच ते उघडून हाताने जोरात हलवा. खडखडलं तर सोडून द्या. पिन आपोआप निसटणार नाही ना, मिटवल्यावर टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट दिसतात ना, हेही बघा. उघडून सामान भरल्यावर तर नक्की बघा. उसाच्या ट्रॅक्टरमागून अंधारात येणाऱ्याला तुमचा लाल दिवा दिसलाच नाही, तर बाकीचा सगळा हिशेब वाया.

कॅरिअर बाइकच्या मूळ बोल्टवर बसणारं घ्या. "वेल्डिंग मारून देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम कमजोर होऊ शकते. शिवाय नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. त्यासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

घरी जीप किंवा कार असेल, तर ऑनलाइन दिसणाऱ्या हुकवरच्या कॅरिअरला भुलू नका. त्यातली बरीचशी अमेरिकेतल्या दोन इंची चौकोनी नळीसाठी बनलेली असतात. आपल्याकडच्या गोळ्याच्या किंवा पिनच्या हुकात ती बसत नाहीत. आणि हुक एक टन ओढतो म्हणून एक टन तोलूनही धरतो असं नाही. तोलून धरण्याची क्षमता साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते.

मग पोत्याचं काय? ते नाकारून आईचं मन मोडायचं का? मुळीच नाही. पोतं आणि मित्र दोघांनाही एसटीने पाठवा, किंवा हिमायतनगर स्टेशनवरून नांदेडच्या रेल्वेने. बाइकवर तुम्ही एकटे आणि हलकं सामान. तिकिटाचे पैसे जातील, पण महिनाभराचं धान्य आणि तुम्ही दोघं, सगळे धड पोहोचाल.

दुकानात जाताना मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कॅरिअर कोणतं घ्यायचं हे दुकानदार नाही, ते पान ठरवतं.