‘गावी गेल्यावर बघू’ म्हणजे किती महिने मार?

दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. काम जोडप्याचं असतं, पण उचल घेतो नवरा. आठवड्याची खर्ची आणि शेवटचा हिशेबही बहुधा त्याच्याच हाती जातो. तिथे त्याने हात उचलला, तर बाईने जायचं कुठे? माहेर लांब, जवळ पैसा नाही, आणि निघावं तर उचल कोण फेडणार, ही धास्ती.

मग शेजारपाजारचे समजूत काढतात : गावी गेल्यावर बघू. या सल्ल्यापायी तिला हंगामभर मार सोसावा लागतो, आणि कायद्याने तशी सक्ती कुठेच केलेली नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम २७ नुसार बाई तात्पुरती राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तिला दाद मागता येते. भट्टीवरची झोपडीही त्यात आली. मिळालेला आदेश देशभर लागू होतो. पोलिसांनाही ‘ही आमची हद्द नाही’ म्हणता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार नोंदवावीच लागते.

खर्च झेपत नाही म्हणून कित्येक कातकरी जोडपी लग्न न लावताच संसार थाटतात. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही २००५ चा कायदा संरक्षण देतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. स्त्री आणि आदिवासी म्हणून उत्पन्नाची अट तिला लागत नाही. राहिली उचल. वेठबिगारीचं कर्ज १९७६ च्या कायद्यानेच रद्द केलं आहे. उचलीपायी कुणालाही भट्टीवर अडकवून ठेवता येत नाही.

इतकं सगळं कागदावर असूनही ते भट्टीपर्यंत पोचत नाही. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. वाडी सोडण्याआधीच अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनी प्रत्येक बाईला १८१ आणि ११२ हे मदतीचे क्रमांक सांगावेत. २००५ च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांनी हंगामात भट्ट्यांवर फिरून बायकांशी एकांतात बोलावं. आणि तिच्या कष्टाची मजुरी तिच्याच खात्यात जमा व्हावी. हातात स्वतःचे पैसे नसतील, तर न्यायालयापर्यंतचं एसटीचं तिकीटसुद्धा तिला मारणाऱ्याकडेच मागावं लागेल.