डॉक्टर व्हायचे आहे? मग अकरावीचे कॉलेज नीट पारखा

दहावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरच्या वस्त्यांतून एकच प्रश्न आमच्यापर्यंत येतो : "दादा, पोरीला डॉक्टर करायचंय. कुठल्या कॉलेजात घालू?" विचारणारा बाप साखर कारखान्यावर हंगामी कामगार असतो, आई एमआयडीसीत नाहीतर दुसऱ्याच्या रानात रोजंदारीवर. पोरगी हुशार असते. आणि कोणीतरी त्यांच्या कानात भरलेले असते की लातूरला किंवा राजस्थानात कोट्याला धाडल्याशिवाय डॉक्टर होताच येत नाही. मग बचत गटाचे कर्ज, उसनवारी, अंगावरचे किडूकमिडूक मोडणे सुरू होते. म्हणून यावेळी याच विषयावर लिहीत आहोत.

अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग वैद्यकीय शाळेत जातात. आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस. म्हणजे आपल्या मुलांचे निर्णायक कॉलेज हे अकरावी-बारावीचेच. पण २०१७ पासून राज्यातील प्रवेशही 'नीट' या एकाच परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून ४० टक्के लागतात, एवढेच. कॉलेज किती नावाजलेले होते हे प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. नावाचे कॉलेज शोधू नका. मूल जिथे रोज वर्गात बसेल आणि ज्याला कोणीतरी खरोखर शिकवील ते कॉलेज शोधा.

गावाचेही तसेच. पूर्वी राज्यात ७०:३० अशी विभागवार जागावाटणी होती, त्यामुळे बारावी कोणत्या विभागातून केली याला महत्त्व होते. २०२० साली ती रद्द झाली. आता लातूरचा विद्यार्थी आणि इंदापूरचा विद्यार्थी एकाच राज्य गुणवत्ता यादीत येतात.

राज्याबाहेर जाणाऱ्यांनी मात्र दहादा विचार करावा. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून झालेली असावी लागते. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसारखे थोडे अपवाद आहेत, पण आपण त्यात बसत नाही. बारामतीचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली १०० जागांवर सुरू झाले. त्या शंभराचे गणित मांडा : १५ जागा अखिल भारतीय कोट्याच्या, ८५ राज्याच्या. ८५ मध्ये अनुसूचित जातीला १३ टक्के, म्हणजे सुमारे ११ जागा. १५ मध्ये १५ टक्के, म्हणजे सुमारे २. कोट्याच्या शाळेतून बारावी करणारे आपले मूल या ११ जागांच्या रांगेतून बाहेर पडते आणि साऱ्या देशाबरोबर त्या दोनांच्या रांगेत उभे राहते. कर्ज काढून हक्क घालवण्याचाच हा प्रकार झाला.

आता जवळची कॉलेजे पाहू. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठानचे कॉलेज आहे. इंदापुरात कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. कोणते चांगले, हे आम्ही सांगणार नाही. ते तुम्ही स्वतः जाऊन पाहायचे.

पहिली गोष्ट, जीवशास्त्राचे शिक्षक. नीटचे एकूण गुण ७२०, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. हा विषय शिकवायला कायम शिक्षक आहेत का, तास होतात का, ते विचारा. त्याच कॉलेजात बारावीला असलेल्या आपल्या वस्तीतल्या मुलाची प्रॅक्टिकलची वही मागून बघा. वही कोरी असेल तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, परत फिरा. 'कॉलेजात नाव, शिक्षण खासगी क्लासला' अशी जोडगोळी असेल तर एकूण फी लेखी मागा. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके स्वस्त आहेत. ती आधी घ्या, क्लासचे मग ठरवा.

दुसरी, विषय. काही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतले की जीवशास्त्र सुटते. अर्ज भरतानाच खात्री करा.

तिसरी, अंतर. निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगरहून मुली एसटीने येतात-जातात. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. पण रोज तीन तास रस्त्यावर गेले तर अभ्यास कधी होणार? अशा वेळी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना पाहा. पोरीला लांब ठेवायचे नाही म्हणून जवळचे पण तास न होणारे कॉलेज देऊ नका. भावासाठी जे धाडस करता ते बहिणीसाठीही करा.

चौथी, पसंतिक्रम. २०२५ साली अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, दहापर्यंत पसंती देता येऊ लागली. त्यात पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. तेव्हा सायबर कॅफेवाल्याला क्रम ठरवू देऊ नका. घरी कागदावर लिहून न्या आणि त्या वर्षीचे नियम वाचून घ्या.

पाचवी आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कागदपत्रे. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजच्या पत्रासह करा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजा-पणजाचा शाळेचा किंवा महसुली पुरावा शोधायला वेळ लागतो. बौद्धांना १९९० साली केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. नुसते 'बौद्ध' लिहून काम भागत नाही. नीटला चांगले गुण आणि पडताळणी नाही, अशी वेळ आपल्या मुलावर येऊ देऊ नका.

सहावी, दुसरे दार. नीट एकदा हुकली तर पुन्हा किती वेळा द्यायची, हे आजच घरात बसून ठरवा. सीईटीचा अर्जही भरा; त्यातून बी. फार्मसीची वाट आहे, नर्सिंगला वेगळी सीईटी आहे. डॉक्टर न झालेली मुलगी हरलेली नसते. कर्जापायी शिक्षणच सुटलेली मुलगी मात्र साऱ्या वस्तीची हार असते.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सरकारला निवेदन दिले आणि शास्त्र व तंत्रशिक्षणासाठी आपल्या विद्यार्थ्यांना पैसा मागितला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज अकरावीत भरतो तो शिष्यवृत्तीचा अर्ज हा त्याच मागणीचा वारसा आहे. तो भरायला लाजू नका आणि विसरूही नका.

प्रत्येक विहारात जूनमध्ये दोन रविवार एक टेबल मांडा. ज्यांना अर्ज वाचता येतो त्यांनी तिथे बसावे, ज्यांना येत नाही त्यांनी पोरांना घेऊन यावे. आम्ही बसतोच.

जय भीम.