भिंतीवरची मुलगी कोणाकडे बघते?

“भिंती रंगवून काय होते बा? त्यापेक्षा चौकात एक शिपाई उभा करा.” अमरावतीत बायकांवरच्या अत्याचाराबद्दल पथनाट्य झालं, एखादं भित्तिचित्र निघालं, मुली मेणबत्त्या घेऊन इर्विन चौकात उभ्या राहिल्या, की चहाच्या टपरीवर हे वाक्य येतंच. बोलणारा वाईट माणूस नसतो. पुष्कळदा त्यालाही लेक असते. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

शिपाई हवाच. 112 लावला की गाडी यायलाच हवी. पण फोन लावायच्या आधीचं काय? मूर्तिजापूरहून रोज एसटीनं अकोल्याला कॉलेजात जाणाऱ्या मुलीला गर्दीत कोणी हात लावला, तर ती घरी सांगत नाही. सांगितलं की आधी आपला पास बंद होईल, मग कॉलेज, आणि उन्हाळ्यात पाहुणे बघायला येतील, हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्या घरात शिपाई पोचत नाही, नाटक पोचतं. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ स्त्रीमुक्ती संघटनेनं 1983 पासून गावोगाव नेलं, हजारो प्रयोग केले. सासू नि सून एका सतरंजीवर बसून असं काही बघतात, तेव्हा रात्री भाकरी थापताना त्यावर काहीतरी बोलणं निघतंच. तक्रारीचा पहिला शब्द तिथं फुटतो.

दुसरा आक्षेप असतो, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? वऱ्हाडच्या माणसानं तरी हे म्हणू नये. शेंडगावच्या गाडगेबाबांनी आयुष्यभर दुसरं काय केलं? आधी गाव झाडायचं, मग रात्री कीर्तनात घरातलं कर्ज, दारू, लेकरांची शाळा उघड्या मैदानात मांडायची. बाबा नुसतं सांगत नसत, विचारत. समोरच्या माणसाला मोठ्यानं उत्तर द्यावं लागे, आणि शेजारी बसलेला ते ऐके. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हेच केलं, ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला. त्याच्याही आधी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून साऱ्या स्त्रीजातीला नावं ठेवली जात होती तेव्हा ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून बसल्या, आणि पुरुषांना त्यांच्याच वागण्याचा हिशेब विचारला. ही आपल्या मातीतली रीत आहे.

माझी तक्रार निराळीच आहे, आणि ती या कलेच्या बाजूनं उभं राहूनच करतो. आपली बरीच चित्रं चुकीच्या दिशेला तोंड करून उभी आहेत. मान खाली घातलेली मुलगी, तिच्याकडे येणारे काळे हात, खाली ‘बेटी बचाओ’. बघणाऱ्या पोट्ट्याला त्यात स्वतःचा चेहरा कुठंच सापडत नाही. मुलीला मात्र सापडतो, आणि ती जरा लवकर घरी जाते.

फेब्रुवारी 2020 आठवा. हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं. ती 10 तारखेला गेली. त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्यात, चांदूर रेल्वेच्या एका महाविद्यालयानं मुलींना शपथ दिली की आम्ही प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, असंही त्यात होतं, ते चांगलंच. पण शपथ हाही एक प्रयोगच असतो, चारचौघांत, मोठ्यानं, एका सुरात केलेला. पेटवलं पुरुषानं आणि हात वर केले मुलींनी! मुलांना कोणी उभं केलं नाही. इतकी तळमळ असूनही हा प्रयोग उलटा बसला, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर 2019 मध्ये, चिलीत ‘लास तेसिस’ या गटाच्या बायका डोळ्यांवर काळी पट्टी बांधून रस्त्यात उभ्या राहिल्या आणि बोट समोर रोखलं: पोलिसांकडे, न्यायाधीशांकडे, सरकारकडे. बघता बघता ते गाणं जगभरच्या चौकांत गेलं. बायकांचा हात तिथंही वरच होता, पण बोट दुसऱ्याकडे होतं.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या महापालिका पुढच्या वेळी रंगाचे डबे काढतील तेव्हा मुलींच्या शाळेची भिंत सोडून द्या. पानठेल्यासमोरची घ्या, जिथं संध्याकाळी मोटारसायकलींवर पोट्टे बसलेले असतात. चित्र त्यांच्या नजरेच्या उंचीवर काढा. त्यात एसटीचा दांडा धरून उभी मुलगी असू द्या, मान वर, डोळे सरळ त्यांच्यावर. आणि खाली गाडगेबाबांच्या रीतीनं एक प्रश्न लिहा: तिचा पास बंद झाला, तेव्हा तू त्याच गाडीत होतास ना?