शेवट स्वभावातच असतो

‘कादंबरीचा शेवट जरा गोड केला असता, तर तुमचं काय बिघडलं असतं?’ असं वाचक मला हक्कानं विचारतात. शेवट लेखकाच्या हाती असतो, हा त्यांचा समज मला मान्य नाही.

१९७० साली रंगभूमीवर आलेलं शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आठवा. गणपतराव बेलवलकर होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतात. बँकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या मला तो व्यवहार तेव्हाच खुपतो. पण हिशेबी असते तर ते गणपतराव कसले! पुढे पोटच्या मुलीनंच चोरीचा आळ घेतला, तेव्हा ते कावेरीसह घर सोडतात. एखादा सोशिक बाप दोन दिवस रुसून पुन्हा पाटावर बसला असता आणि नाटक तिथंच संपलं असतं. मुलांच्या कोतेपणानं ठिणगी पडली खरी. पण गणपतरावांना रस्त्यावर आणलं ते त्यांच्याच सढळ हातानं आणि ताठ मानेनं.

संघर्षात माणसाचा मूळ स्वभाव उघडा पडतो आणि तिथूनच शेवटाची वाट सुरू होते. ती वळवायची, तर लेखकाला माणूसच बदलावा लागेल. आपल्या घरांतली वाटणीची भांडणं तरी दुसरं काय सांगतात? जमीन किती, यापेक्षा आधी कोण नमतं, यावरच ती मिटतात किंवा चिघळतात.